तीन वर्षांची खीर

मी एक जुना कडीचा डबा आहे, मित्रांनो, आणि माझी कडी डावीकडे कललेली आहे हे आधीच सांगून टाकतो. बघणाऱ्याचे लक्ष पहिल्यांदा तिथेच जाते. एकदा चाळीच्या तिसऱ्या मजल्यावरून गडगडत मी थेट दुसऱ्या मजल्यावर आलो होतो, ही तेव्हाची खूण आहे. झाकण मात्र अजून पहिल्यासारखे घट्ट बसते.

आता मी ज्या स्वयंपाकघरात राहतो, तिथे माझ्या शेजारी आइस्क्रीमचे रिकामे झालेले प्लॅस्टिकचे डबे असतात. बिचाऱ्यांना आपण कोणाचे, कुठून आलो, काही ठाऊक नसते. एकाचे झाकण दुसऱ्याला लागत नाही. माझे तसे नाही. माझ्या पोटावर ठिपक्याठिपक्यांनी कोरले आहे, 'चि. सौ. कां. अंबिका हिस, लवूकडून.'

लवू हा अंबिकाचा थोरला भाऊ. गिरणीत कामाला होता. पन्नास वर्षांपूर्वी बहिणीचे लग्न ठरले, तेव्हा लालबागच्या एका भांड्यांच्या दुकानातून त्याने मला घेतले. दुकानदाराने मला मांडीवर घेतले आणि छोट्या छिन्नीने ठोकठोक सुरू केली. पहिले अक्षर उमटताना मला अगदी रडू आले. मनात म्हटले, नव्याकोऱ्या भांड्याला कोणी असे जखमी करते का? तेव्हा दुकानदार लवूला म्हणाला, "पोरगी सासरी गेली की तिचं आडनाव बदलतं, घर बदलतं. भांड्यावरचं नाव मात्र तिचंच राहतं. म्हणून तर घालायचं." ते ऐकले आणि मी गप्प राहिलो.

अंबिका लग्न होऊन करी रोडच्या पुलाजवळच्या चाळीत आली. एकोणीस वर्षांची होती. तिचा नवरा दगडू गिरणीत जाई. घरात तिसरे माणूस म्हणजे सासूबाई. सासूबाई मालवणकडच्या, हाताने सढळ आणि जिभेने त्याहून सढळ!

त्या घरातली पहिली दिवाळी मला चांगली आठवते. कोकणात दिवाळीच्या पहिल्या दिवसाचा मान चकली-करंजीला नसतो, तो पोह्यांना असतो. शेतातले नवे भात घरात आले की त्याचे पोहे कांडतात. पहाटे अंघोळ झाल्यावर तुळशीपाशी कारेट नावाचे एक हिरवे, कडूजहर फळ पायाच्या अंगठ्याने फोडायचे. त्याचे बी जिभेला लावायचे. मग तोंड वेडेवाकडे करत आत यायचे आणि गुळाचे गोड पोहे खायचे. स्वतःचे खाऊन झाले की शेजारीपाजारी जायचे, त्यांच्या घरचे खायचे, त्यांना आपल्या घरी बोलवायचे. जमिनीने दिले, राबणाऱ्या हातांनी पिकवले, ते एकट्याने खायचे नाही, एवढाच त्याचा अर्थ.

लवूने गावाहून नव्या भाताचे पोहे आणले होते. सासूबाई अंबिकाला म्हणाल्या, "पोये सगळ्यांका दी गो. एक पण घर चुकाक नको."

अंबिकाने गूळ आणि ओले खोबरे घालून पोहे केले, माझ्यात भरले आणि ती शेजारच्या खोलीत गेली. तिथे सुंदराबाई राहत असे. अंबिकाहून चार-पाच वर्षांनी मोठी, साताऱ्याकडची. तिचा नवरा राजाराम माझगावच्या गोदीत कामाला होता. त्यांचे घर बौद्ध. त्यांच्याकडे दिवाळी होत नसे, पण शेजारणीने प्रेमाने आणलेले परत पाठवण्याची रीत त्या घरात नव्हती. सुंदराबाईने दारातच झाकण उघडले, चिमूटभर पोहे तोंडात टाकले आणि म्हणाली, "गूळ लई ग्वाड आहे गं!" मग मला आत नेता नेता म्हणाली, "डबा आता ऱ्हाऊ दे. रिकामा कसा देऊ? भरून देते."

तिच्या आईची शिकवण होती ती. रिकामे भांडे परत गेले, तर देणाऱ्याला वाटते, आपण दिलेले ही माणसे विसरली. घरात काही नसेल तर चिमूटभर साखर तरी घालावी. पण सुंदराबाईला साखरेवर भागवायचे नव्हते. चांगले काहीतरी करू, मग देऊ, असे म्हणता म्हणता हिवाळा सरला, होळी झाली. इकडे सासूबाईंचा तोंडाचा पट्टा चालूच होता. "डबो खंय गेलो? गिळल्यांनी काय?"

गिळला नव्हता हो कोणी. मी सुंदराबाईच्या फळीवर वैशाखी पौर्णिमेची वाट बघत होतो.

बुद्ध पौर्णिमेला त्या घरी तांदळाची खीर होई. त्या काळी दूध कार्डावर मिळे, तेही मोजके. खिरीला दूध साठावे म्हणून सुंदराबाईने मुलांना दोन दिवस कोरा चहा दिला. घरात वेलची नव्हती. मसाल्याच्या डब्याच्या तळाशी जायफळाचा अर्धा तुकडा सापडला, तो तिने खिरीत किसला. खीर ढवळता ढवळता ती मुलांना सांगत होती, सिद्धार्थ गौतमाने उपास करून करून शरीराचा सापळा केला होता. तेव्हा सुजाता नावाच्या बाईने त्याला खीर दिली. ती खाऊन त्याच्या अंगात बळ आले, मन शांत झाले आणि त्याला ज्ञान मिळाले. म्हणून या दिवशी खीर करायची आणि आधी दुसऱ्याला द्यायची.

पहिली वाटी शेजारी गेली. वाटी कसली, मी गेलो! ऊन ऊन खीर पोटात घेऊन मी केवढ्या ऐटीत अंबिकाच्या घरी आलो म्हणून सांगू.

सासूबाई आत बसल्या होत्या. त्यांनी विचारले, "कोणी दिल्यान?" अंबिकाने सांगितले. त्या म्हणाल्या, "त्यांच्या हातचा आमका चलना नाय. मोरयेत ओत. माका दाखवू पण नको."

मित्रांनो, तुम्हांला जात हा शब्द पुस्तकात भेटतो. मला तो मोरीत भेटला. ज्या बाईने 'एक पण घर चुकाक नको' म्हटले होते, तीच बाई हे म्हणत होती. द्यायला तिची ना नव्हती. घ्यायला होती.

अंबिका जरा वेळ मला धरून उभी राहिली. मग तिने मला तिरके केले. खीर गेली. भाताची शिते जाळीला अडकली, ती तांब्याभर पाण्यानेही हलेनात, तेव्हा तिने ती बोटाने आत लोटली. मला लाज वाटली. भांड्याला कसली आली लाज, असे तुम्ही म्हणाल. पण दोन दिवसांचा कोरा चहा मी बघितला होता.

दुसऱ्या दिवशी गॅलरीत कपडे वाळत घालताना सुंदराबाईने विचारले, "खीर कशी झाली होती गं?"

अंबिका म्हणाली, "छान. वेलची छान लागली होती."

सुंदराबाई क्षणभर तिच्याकडे बघत राहिली. मग "बरं" म्हणाली आणि पिळलेले लुगडे झटकू लागली.

पुढच्या दिवाळीला मी पुन्हा पोहे घेऊन गेलो आणि पुढच्या वैशाखात पुन्हा खीर घेऊन आलो. त्या वर्षी सुंदराबाईने मला काठोकाठ भरले. झाकण लावताना खीर बाहेर आली, तेव्हा तिने ती कडेने पुसली आणि तरीही एक पळी कमी केली नाही. मला वाटले, बाईचा हात मोठा आहे. खरे कारण कळायला मला पुढची पन्नास वर्षे लागली. ती काठोकाठ खीरही मोरीतच गेली. तिसऱ्या वर्षीही तेच. आणि तिन्ही वर्षी अंबिका गॅलरीत म्हणाली, "छान झाली होती."

चौथ्या वर्षी सासूबाई गावी गेल्या त्या तिकडेच राहिल्या. त्या वैशाखात खीर आली, तेव्हा अंबिका घरात एकटी होती. तिने मोरीच्या कठड्यापाशी उभ्या उभ्याच झाकण उघडले आणि बोटाने चाखली. मग चमचा घ्यायलाही थांबली नाही. झाकणाला लागलेली सायसुद्धा तिने पुसून खाल्ली, आणि खाता खाता ती रडत होती. दगडूसाठी थोडी ठेवायची, एवढी आठवण तिला कशीबशी राहिली.

तिथपासून माझे दिवस पालटले. दिवाळी ते वैशाख मी सुंदराबाईकडे आणि वैशाख ते दिवाळी अंबिकाकडे. सासर कोणते नि माहेर कोणते, मला सांगता येत नसे. दोन्ही घरी माझ्यासाठी फळीवर जागा ठरलेली होती. चाळीतल्या बायका गमतीने म्हणत, "डबा कुठं आहे त्यावरून महिना कळतो."

दगडू गेला, त्या दिवशी अंबिकाच्या घरी चूल पेटली नाही. दुःखाच्या घरी शेजाऱ्यांनी अन्न द्यायचे असते. दुखवट्यातल्या माणसाला भूक लागल्याचे बोलायला लाज वाटते, म्हणून ही रीत. सुंदराबाईने माझ्यात पिठले भरले, भाकरी फडक्यात बांधली आणि अंबिकाच्या पुढ्यात बसून तिला घास घास खायला लावले. दोन वर्षांनी राजाराम गेला, तेव्हा अंबिकाने तेच केले. चाळ पाडली आणि दोन्ही घरांची फाटाफूट झाली. सुंदराबाई कॉटन ग्रीनकडे भाड्याने राहू लागली. तरी वैशाखात पदराखाली मला झाकून ती बसने आलीच. पुढे त्याच जागी उंच इमारत झाली. अंबिकाला नवव्या मजल्यावर घर मिळाले, सुंदराबाईला चौदाव्या. करोनाच्या टाळेबंदीच्या वर्षी माणसांना एकमेकांकडे जायची चोरी होती. तेव्हा सुंदराबाईच्या नातीने, संघमित्राने, मला लिफ्टमध्ये स्टुलावर ठेवले आणि नऊचे बटण दाबले. मी एकटा लिफ्टने पाच मजले उतरलो! एवढा मान एखाद्या हंड्यालाही मिळाला नसेल.

आणि या सगळ्या वर्षांत अंबिकाने ती तीन वर्षे सुंदराबाईला सांगितली नाहीत. सांगायला ती कितीदा तरी निघाली होती. मला घासता घासता ती पुटपुटत असे, "ह्या खेपेस बोलतंय." मग दार उघडून सुंदराबाई हसायची आणि अंबिका दुसरेच काही बोलून परत यायची. पन्नास वर्षांची मैत्रीण एका वाक्याने गेली तर? त्या भीतीपायी ती गप्प राहिली.

गेल्या दिवाळीत मात्र गप्प राहणे तिला जमेना झाले. त्याचे असे झाले, की इमारतीच्या मंडळाने ठरवले, दोन आज्यांचा आणि त्यांच्या डब्याचा सत्कार करायचा. शाल, श्रीफळ, टाळ्या. टेबलावर रांगोळीचे गोल काढून मधोमध मला ठेवायचे. मी तर हवेत तरंगत होतो. अंबिकाची नात श्रेया सूत्रसंचालन करणार होती. चोवीस वर्षांची ही मुलगी एका बँकेत काम करते आणि तिला प्रत्येक गोष्टीचे 'का' हवे असते.

सत्काराच्या दिवशी सकाळी कारेट फोडताना तिने विचारले, "आजी, हे कडू आधी कशाला गं? डायरेक्ट पोहे खाल्ले तर काय होतं?"

अंबिका म्हणाली, "कडू आधी लावायचा, मगे गोड. उलटा केलास तर गोडाची चव रवत नाय."

श्रेयाने ते फोनमध्ये टिपून घेतले. मग दुसरा प्रश्न आला. "बरं, आणि पहिल्या वर्षी सुंदरा आजींची खीर खाल्लीस, ती कशी लागली होती? मला स्टेजवर सांगायचंय."

अंबिकाच्या हातात मी होतो. तिने माझ्यात पोहे भरले, पायात चपला सरकवल्या आणि ती लिफ्टने चौदाव्या मजल्यावर गेली.

सुंदराबाई दारातच होती. "ये ये. मी म्हटलं अजून आली कशी नाय." तिने मला हातात घेतले.

अंबिका आत बसली नाही. उंबऱ्याशी उभी राहूनच म्हणाली, "ताई, झाकण उघडू नका. आधी माझं ऐका. पहिली तीन वर्षं तुमची खीर मी खाल्ली नाही. सासूबाईंनी सांगितलं, मी मोरीत ओतली. तिन्ही वर्षं. माझ्या हातानं."

घरात कुकर चालू होता. त्याची एक शिट्टी झाली.

"तिन्ही वर्षं?" सुंदराबाईने विचारले.

"तिन्ही."

सुंदराबाईने माझे झाकण तळव्याने घट्ट दाबले. मग हळू आवाजात म्हणाली, "पहिल्या वर्षी तू म्हणालीस, वेलची छान लागली. मी वेलची घातलीच नव्हती. जायफळ होतं. मी म्हटलं, नवी सून आहे, पोरीच्या वाटणीला आलीच नसंल. वरच्या वर संपली असंल. म्हणून दुसऱ्या वर्षी मी डबा काठोकाठ भरला. तुझ्यापर्यंत पोचावी म्हणून."

अंबिकाने पदर तोंडाला लावला.

"जा तू आता," सुंदराबाई म्हणाली. "मला भात उतरवायचाय."

दार लागले. मी सुंदराबाईच्या हातात होतो. ती मला घेऊन सरळ सिंकपाशी गेली. तिने झाकण उघडले. तो गूळ, ते खोबरे, ते नव्या भाताचे पोहे. ती मला धरून उभी राहिली, अगदी तशीच, जशी पन्नास वर्षांपूर्वी दुसरी एक बाई मला धरून उभी होती. मी मनातल्या मनात म्हणालो, ओत बाई. तुझा हक्क आहे.

पण तिने ओतले नाहीत. म्हणाली, "अन्नानं काय केलंय?" आणि मला ओट्यावर ठेवले. पोहे संध्याकाळी संघमित्राने खाल्ले. सुंदराबाईने एक घास खाल्ला, तोही जेमतेम.

सत्काराला ती गेली नाही. संघमित्रा जाऊन आली आणि तिने सांगितले, "आज्जी, अंबिका आजीनं शाल घेतलीच नाही. म्हणाली, दुसरी खुर्ची रिकामी आहे, मी एकटीनं घेणार नाही. आणि टेबलावर नुसती रांगोळी होती, डबाच नव्हता. काय झालंय तुमच्यात?"

सुंदराबाईने ऐकून न ऐकल्यासारखे केले. मला घासले, पुसले आणि माझ्या ठरलेल्या जागी न ठेवता कपाटाच्या वरच्या खणात, अगदी मागे, पालथे घातले.

मित्रांनो, भांड्याला पालथे घालणे म्हणजे काय, ते तुम्हांला नाही कळायचे. सहा महिने मी अंधारात होतो. बाहेरचे आवाज ऐकू येत. संक्रांत आली, गेली. दरवर्षी अंबिका तिळाचे लाडू घेऊन वर येई. या वर्षी बेल वाजली नाही. चौदा एप्रिलला घरी पाहुण्यांची गर्दी झाली, पण त्यात अंबिकाचा आवाज नव्हता. एकदा संघमित्राने सांगितलेले मी ऐकले, की अंबिका आजी लिफ्टमध्ये भेटली, खूप वाळली आहे. सुंदराबाई म्हणाली, "औषध घेत नसंल वेळेवर." आणि विषय संपवला. मला वाटले, संपले सगळे. आता मी भंगारात गेलो काय आणि राहिलो काय.

मग वैशाखी पौर्णिमा आली. सकाळीच खण उघडला आणि संघमित्राचा हात आत आला. "आज्जी, हाच ना?"

"तोच. चिंच लावून घास."

उजेड डोळ्यांवर आला. दूध तापल्याचा वास आला. आता दूध पिशव्यांतून येते, हवे तेवढे. खीर तयार झाली. मी पोट उघडून तयारीत राहिलो. पण सुंदराबाईने मला भरले नाही. रिकामाच टेबलावर ठेवले. ज्या बाईने पन्नास वर्षांत एकदाही भांडे रिकामे पाठवले नाही, ती आज मला रिकामा पाठवणार?

ती संघमित्राला म्हणाली, "जा, अंबिकाला बोलावून आण. म्हणावं, डबा घेऊन जा."

अंबिका आली. खरेच वाळली होती. तिला टेबलावर मी रिकामा दिसलो आणि तिने मान खाली घातली. म्हणाली, "बरोबर आहे, ताई." आणि मला उचलायला हात पुढे केला.

"थांब," सुंदराबाई म्हणाली. "बस हितं. भरून दिला असता. पण तुझ्या घरी मोरी आहे."

संघमित्राने चपापून आजीकडे बघितले. सुंदराबाईने खिरीचे पातेले पुढे ओढले, चमचा घेतला. "आज माझ्यासमोर खायचं. तीन वर्षांची राहिलीय."

"आज्जी, त्यांना शुगर आहे," संघमित्रा म्हणाली.

"ठाऊक आहे मला. तिच्या गोळ्यांची नावं तुझ्याआधीपासून मला पाठ आहेत. तीन चमचे. तीन चमच्यांनी कोणी मरत नाय." तिने पहिला चमचा भरला आणि अंबिकाच्या तोंडापुढे धरला. "ही पहिल्या वर्षाची."

अंबिकाने तोंड उघडले. डोळ्यांतले पाणी गालावरून खिरीत पडेल की काय, असे मला वाटले.

"आता सांग. कशी लागली?"

अंबिकाने गिळली. मग ती म्हणाली, "जायफळ. जायफळ छान लागलं."

सुंदराबाईने डोळे मिटले आणि उघडले. दुसरा चमचा भरला. "ही दुसऱ्या वर्षाची. काठोकाठची." तो भरवून झाल्यावर ती चमचा हातात धरून बोलू लागली. "राग गेला नाय माझा. खोटं कशाला बोलू? पोरांनी कोरा चहा पिल्याला आठवतो मला. पण सहा महिने एकच गोष्ट डोक्यात फिरत होती. सुजातेनं खीर दिली, ते आपण सगळे सांगतो. सिद्धार्थानं ती घेतली, त्याचं काय? त्यानं घेतली म्हणून त्याचे पाच सोबती त्याला टाकून गेले. म्हणाले, ह्यानं व्रत मोडलं. घ्यायलासुद्धा धीर लागतो गं. तुझ्यात तो नव्हता. एकोणीस वर्षांची होतीस तू, आणि त्या घरात परकी. पण नंतर तरी सांगायचंस की. पन्नास वर्षं कशाला लावलीस?"

"तुम्ही तुटाल म्हणून," अंबिका म्हणाली.

"तुटले असते," सुंदराबाई म्हणाली. "थोडे दिवस." आणि तिसरा चमचा भरवला.

मग तिने मला ओढून घेतले आणि पळी पळी खीर माझ्यात ओतू लागली. मी काठोकाठ भरलो. झाकण लावताना खीर बाहेर आली, ती तिने बोटाने पुसली आणि ते बोट स्वतःच चाटले. "ही श्रेयाला. तू हात लावू नकोस," म्हणाली. दोघी हसल्या. अंबिका मला घेऊन लिफ्टने उतरली, तेव्हा तिने मला दोन्ही हातांनी छातीशी धरले होते. ऊन ऊन खीर होती, तिला चटका बसला असेल. तिने सोडले नाही.

त्याच संध्याकाळी श्रेयाने सगळे ऐकले. तिने विचारले, "आजी, हे स्टेजवर सांगितलं असतंस, तर लोक काय म्हणाले असते?" अंबिका म्हणाली, "म्हणू देत. ह्या दिवाळीक सांगतंय. दोन्ही खुर्च्ये भरलेल्ये असतील, तेव्हा."

तर मित्रांनो, सध्या मी नवव्या मजल्यावर फळीवर आहे आणि दिवाळीची वाट बघतो आहे. माझी कडी अजून वाकडीच आहे. मला तुमच्याकडून शाल-श्रीफळ नको. एवढेच करा. कोणाचे भांडे तुमच्या घरी राहिले असेल, तर त्यात काहीतरी घालून ते परत द्या. साखर चालेल. आणि कोणाच्या घरून डबा आला, मग तो कोणाच्याही घरून येवो, तर आधी त्यातले चाखा. मगच सांगा, छान झाले होते.